वाचकांचे प्रश्न : सैन्याच्या जुन्या प्रणाली आणि बाहेरचे कंत्राटदार

मागील अंकात सैन्यदलांच्या आदेश व नियंत्रण प्रणालींवर एक लेख प्रसिद्ध झाला होता. शत्रूची आणि आपली स्थिती एका ठिकाणी गोळा करणे, ती सेनापतीसमोर मांडणे आणि त्याचा निर्णय शेवटच्या तुकडीपर्यंत पोहोचवणे ही कामे करणारी संगणक यंत्रणा म्हणजे आदेश व नियंत्रण प्रणाली. अशा कित्येक दशके जुन्या यंत्रणा बाहेरच्या कंपन्यांकडून नव्या करून घेताना काय घडते, याचा त्या लेखात आढावा होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांतील बहुतेक उदाहरणे अमेरिकेची आहेत, कारण तेथील फसलेल्या प्रकल्पांचे लेखापरीक्षण अहवाल कोणालाही वाचता येतात.

प्रश्न : मी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालो आहे. अमेरिकेची अण्वस्त्र दले २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी वापरत होती, हे आपल्या लेखात वाचून मी चकित झालो. एवढ्या श्रीमंत सैन्याला साधी फ्लॉपी बदलता येऊ नये, हा निव्वळ आळस म्हणायचा का?

उत्तर : आळस म्हणून हा विषय संपवता येणार नाही. आपण म्हणता ती प्रणाली म्हणजे स्ट्रॅटेजिक ऑटोमेटेड कमांड अँड कंट्रोल सिस्टिम. आंतरखंडीय क्षेपणास्त्रे, अण्वस्त्रवाहू बॉम्बर विमाने आणि त्यांना इंधन पुरवणारी टँकर विमाने यांच्यात समन्वय राखण्याचे काम ती करते. ती १९७० च्या दशकातील आयबीएम सीरीज-१ संगणकावर आणि आठ इंची फ्लॉपीवर चालते, असे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने मे २०१६ च्या अहवालात नोंदवले आणि त्याची जगभर थट्टा झाली. जून २०१९ मध्ये फ्लॉपीच्या जागी घन अवस्थेतील साठवण यंत्रणा बसवण्यात आली. मात्र तेव्हा बदलली ती साठवण. मूळ प्रणाली तशीच चालू राहिली.

ती सांभाळणाऱ्या मंडळींची बाजूही ऐकण्यासारखी आहे. नेब्रास्का राज्यातील ऑफट हवाई तळावर या यंत्रणेचे सुटे भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरून, एकेक जोड डाग देऊन दुरुस्त केले जात, कारण नवे भाग बाजारात मिळतच नव्हते. ज्या यंत्राला इंटरनेटचा पत्ताच नाही त्यात बाहेरून कोणी घुसणार कसे, असा त्या तुकडीच्या प्रमुखांचा युक्तिवाद होता आणि तो खोटा नाही. शिवाय अण्वस्त्रांशी संबंधित प्रणालीत एक ओळ बदलली तरी तिची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. असे असताना चालते आहे त्याला हात लावू नये, असे कोणालाही वाटणारच.

आमच्या मते यात निम्मे कारण आहे आणि निम्मी सबब. त्याच अहवालानुसार २०१५ या आर्थिक वर्षात अमेरिकी केंद्र सरकारचा माहिती तंत्रज्ञानावरील सुमारे ८,००० कोटी डॉलरपैकी पाऊण हिस्सा आहे ते चालू ठेवण्यावरच खर्च झाला. दरवर्षी ‘यंदा नको’ म्हटले की त्या वर्षी पैसे वाचल्यासारखे दिसतात, पण त्याच वर्षी ती प्रणाली आतून ओळखणारी आणखी दोन-चार माणसे निवृत्त होतात. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

प्रश्न : सैन्याकडे स्वतःचे अभियंते असतात, सिग्नल दल असते. मग इतक्या नाजूक गोष्टी बाहेरच्या कंपन्यांना देण्याची प्रथा पडली कशी? ही अलीकडच्या खासगीकरणाची देन आहे का?

उत्तर : नाही. ही प्रथा लष्करी सॉफ्टवेअरइतकीच जुनी आहे. सोव्हिएत बॉम्बर विमानांची वर्दी मिळावी म्हणून अमेरिकेने १९५० च्या दशकात ‘सेज’ नावाची हवाई संरक्षण प्रणाली उभारली. १९५८ मध्ये ती कार्यान्वित झाली आणि १९८३ पर्यंत तिने काम केले. तिचे अवाढव्य संगणक आयबीएमने बांधले, पण त्यांच्यावर चालणारी आज्ञावली लिहिण्यास त्याच आयबीएमने नकार दिला. काम संपल्यावर सुमारे दोन हजार प्रोग्रामर पोसायचे कोठे, हा कंपनीपुढचा प्रश्न होता, असे तिच्या एका अभियंत्याने पुढे सांगितले आहे. अखेर ते काम रँड या संशोधन संस्थेकडे गेले. तिच्यातूनच १९५७ मध्ये सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन वेगळी झाली आणि ‘जोव्हियल’ ही संगणकभाषा तेथेच जन्मली. त्या भाषेत लिहिलेल्या लष्करी आज्ञावली पुढे कित्येक दशके चालत राहिल्या.

प्रोग्रामर पोसायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर सैन्यांना आजही मिळालेले नाही. गणवेशातील अभियंत्याची दोन-तीन वर्षांनी बदली होते. त्याची बढती तो किती चांगली आज्ञावली लिहितो यावर ठरत नाही, आणि बाहेर त्याला कितीतरी अधिक पगार मिळतो. त्यामुळे लिहिणारे हात बाहेरून आणणे क्रमप्राप्तच आहे.

मात्र ‘सेज’च्या काळात आणखी एक गोष्ट झाली, जिची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. १९५८ मध्ये मायटर ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिने स्वतः माल विकायचा नव्हता. विकणाऱ्यांचे काम हवाई दलाच्या बाजूने समजून घेणे आणि तपासणे एवढेच तिच्याकडे होते. कान सोनारानेच टोचावेत, पण सोनाराने सोने खरे दिले की नाही हे पारखणारा आपल्या बाजूचा माणूस हवा, ही जाण त्या व्यवस्थेत होती. लिहिण्याचे काम बाहेर देता येते. समजून घेण्याचे काम बाहेर दिले की ग्राहकाच्या हाती फक्त धनादेशावर सही करणे उरते.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर अभियंता आहे आणि विमा कंपनीच्या जुन्या प्रणालीचे स्थलांतर जवळून पाहिले आहे. लष्करी प्रणालीच्या बाबतीत कंत्राटदार नेमके काम काय करतो? जुनी आज्ञावली वाचून नवी लिहायची, यात गोपनीयता सोडली तर वेगळे काय आहे?

उत्तर : आपल्या अनुभवातील बराचसा भाग येथेही लागू पडतो, म्हणून वेगळेपण जेथे आहे तेथेच थांबतो.

पहिली अडचण कागदपत्रांची असते. कपाटातील पुस्तिका प्रणाली ताब्यात घेतली त्या दिवशी ती कशी होती हे सांगते. त्यानंतर तीस वर्षांत केलेली ठिगळे, तातडीच्या रात्री केलेले बदल आणि शेजारच्या प्रणालीला सांभाळून घेण्यासाठी केलेल्या तडजोडी तिच्यात नसतात. समजा, एखाद्या संदेशात विमानांची संख्या लिहिण्यासाठी तीन अंकी रकाना आहे आणि माहिती नसेल तेव्हा तेथे ९९९ लिहायचे, असा संकेत कधीतरी रूढ झाला. जुन्या कर्मचाऱ्याला तो अंगवळणी पडलेला असतो, म्हणून कोणी लिहून ठेवत नाही. नवा प्रोग्रामर मात्र त्याचा अर्थ ९९९ विमाने असा घेईल, आणि त्याची चूक म्हणता येणार नाही. असे संकेत शेकड्यांनी असतात. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कोठून? सैन्याला स्वतःला जे ठाऊक नाही ते निविदेत उतरत नाही, आणि जे निविदेत नाही ते कंत्राटदार करत नाही.

ही काल्पनिक भीती नाही. उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाची जबाबदारी असलेल्या नोराडच्या संगणकातून ३ जून १९८० च्या पहाटे सोव्हिएत क्षेपणास्त्रे येत असल्याची वर्दी गेली. दळणवळणाच्या तारा ठीक आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तो संगणक सतत चाचणी संदेश पाठवत असे आणि त्या संदेशाचा साचा खऱ्या इशाऱ्याच्या साच्यासारखाच होता. फरक एवढाच की, क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्ये असत. त्या रात्री ४६ सेंट किमतीची एक चिप बिघडली आणि काही शून्यांच्या जागी दोनचे आकडे उमटू लागले. कोठे दोन क्षेपणास्त्रे दिसली, कोठे दोनशे. चिप बिघडणे ही साधी गोष्ट होती. चाचणीचा संदेश आणि युद्धाचा संदेश एकाच साच्यात घालण्याचा निर्णय मात्र कोणीतरी पूर्वी घेतलेला होता आणि त्यातील धोका त्या रात्रीपर्यंत कोणाच्या ध्यानी आला नव्हता. त्याआधी ९ नोव्हेंबर १९७९ रोजी सरावासाठी तयार केलेली हल्ल्याची माहिती चालू यंत्रणेत शिरली होती आणि पडद्यावर प्रचंड हल्ला दिसला होता. त्यानंतर चाचण्यांसाठी वेगळे केंद्र उभारावे लागले. बँकेत चाचणीची नोंद खऱ्या खात्यात गेली तर ती उलटवता येते. येथे मधल्या काही मिनिटांत बॉम्बर विमानांची इंजिने सुरू झालेली असतात.

म्हणून शहाणा कंत्राटदार सुरुवातीचे कित्येक महिने काहीही नवे लिहीत नाही. तो जुन्या प्रणालीत येणारा प्रत्येक संदेश आणि तिच्यातून बाहेर पडणारे प्रत्येक उत्तर नोंदवून ठेवतो. नवा भाग तयार झाला की तेच जुने संदेश त्याला देतो आणि उत्तरे ताडून पाहतो. फरक आढळला की खरे काम सुरू होते. चूक नव्याची आहे, की जुन्याची होती आणि माणसे तिला सरावली होती? की ती चूकच नव्हती, एखादा नियम होता? हा निवाडा कंत्राटदाराने करायचा नसतो. तो त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने करायचा असतो, आणि त्यासाठी त्या माणसाला रोजच्या पाळीतून मोकळे करावे लागते. कंत्राटात कंपनीच्या माणसांचे तास मोजलेले असतात, पण सैन्याच्या माणसांचे तास बहुधा कोणी मोजलेले नसतात. आमच्या वाचनात आलेल्या बऱ्याच रखडलेल्या प्रकल्पांचे मूळ या न मोजलेल्या तासांत दिसते.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. १९९१ च्या आखाती युद्धात दररोजच्या हवाई मोहिमांचा आदेश, म्हणजे कोणते विमान किती वाजता कोठे जाणार याचा शेकडो पानांचा तपशील, हवाई दलाच्या संगणकात तयार होत असे. नौदलाच्या विमानवाहू नौकांवर तो उतरवून घेण्याची सोय नव्हती. मग त्याच्या प्रती विमानाने नौकांवर पोहोचवाव्या लागत. दोन्ही प्रणाली आपापल्या जागी व्यवस्थित चालत होत्या आणि आपापल्या कंत्राटाच्या अटीही पूर्ण करत होत्या! नूतनीकरणात आतील आज्ञावलीपेक्षा या सांध्यांवर अधिक वेळ जातो आणि सांधा दोन कंपन्यांच्या मध्ये असल्याने तो कोणाच्याच कंत्राटात नसतो.

प्रश्न : प्रकल्पाचा खर्च दुप्पट होतो, मुदत टळते, आणि तरीही त्याच त्या कंपन्यांना काम मिळते. ठरावीक किमतीचे कंत्राट केले तर हा प्रश्न सुटणार नाही का? की सैन्याने कंत्राटदारांना निरोप देऊन स्वतःच काम करावे?

उत्तर : आपला संताप समजण्यासारखा आहे. अमेरिकी हवाई दलाच्या ‘एअर ऑपरेशन्स सेंटर १०.२’ या प्रकल्पाचेच पाहा. हवाई मोहिमांची आखणी ज्या केंद्रांतून होते तेथील जुन्या सॉफ्टवेअरची मोडतोड दूर करून एकसंध प्रणाली देण्याचे काम नॉर्थरॉप ग्रमनकडे होते. ३७.४ कोटी डॉलरचा अंदाज ७४.५ कोटींवर गेला, वेळापत्रक तीन वर्षांनी घसरले, आणि जुलै २०१७ मध्ये प्रकल्प रद्द झाला तेव्हा केंद्रांतील कर्मचाऱ्यांच्या हाती काहीही पडलेले नव्हते.

पण ठरावीक किंमत हा त्यावरचा रामबाण उपाय नाही. काम नेमके काय हे ठाऊक असते तेव्हा ठरावीक किंमत उत्तम. वर सांगितल्याप्रमाणे जुन्या प्रणालीच्या पोटात काय आहे हेच कोणाला माहीत नसते, तेव्हा कंपनी एकतर अज्ञाताची किंमत आधीच चढवून लावते किंवा कमी बोली लावून काम मिळवते आणि पुढे प्रत्येक बदलासाठी वेगळे देयक पाठवते. उलट होईल तो खर्च अधिक नफा अशी पद्धत ठेवली, तर काम लवकर संपवण्याची कंपनीला घाई नसते. आम्हाला विचाराल तर पहिल्या टप्प्याचे, म्हणजे जुनी प्रणाली उलगडून समजून घेण्याचे, कंत्राट वेगळे आणि छोटे असावे, त्याचे फलित सैन्याच्या मालकीचे असावे आणि त्यानंतरच पुढील किमतीची बोलणी व्हावीत. सरसकट सगळे एका कंत्राटात बांधण्याची हौस महागात पडते. ब्रिटनच्या लष्कराने रणांगणावरील दळणवळण नवे करण्यासाठी मॉर्फियस हा कार्यक्रम हाती घेतला आणि २०१७ मध्ये जनरल डायनॅमिक्सच्या ब्रिटिश शाखेला ३३ कोटी पौंडांचे कंत्राट दिले. डिसेंबर २०२३ मध्ये ते संपुष्टात आणावे लागले आणि जुन्या बोमन प्रणालीचे आयुष्य वाढवण्याची वेळ आली.

आता स्वतः करण्याविषयी. १०.२ प्रकल्प शेवटचे आचके देत असतानाच, २०१६ मध्ये, संरक्षण खात्याच्या नवोपक्रम सल्लागार मंडळाने कतारमधील अल उदैद तळावरच्या केंद्राला भेट दिली. हवेत इंधन भरणाऱ्या टँकर विमानांचे नियोजन तेथे एका पांढऱ्या फळ्यावर मार्कर आणि चुंबकी तुकडे वापरून चाललेले होते. कोणत्या विमानाला कोठे, किती वाजता, किती इंधन, हे सारे त्या फळ्यावर. कोणाची बाही घासली तर दिवसाचे नियोजन पुसले जावे अशी अवस्था. त्या एकाच कामासाठी हवाई दलाचे लोक आणि पिव्होटल या खासगी कंपनीचे प्रोग्रामर यांनी मिळून अवघ्या काही महिन्यांत एक छोटे साधन तयार केले आणि दिवसभराचे नियोजन काही तासांवर आले. या यशातून हवाई दलाची केसेल रन ही सॉफ्टवेअर तुकडी २०१७ मध्ये बोस्टनमध्ये उभी राहिली.

या गोष्टीचा अर्थ ‘कंत्राटदार वाईट, गणवेश चांगला’ असा अनेकांनी लावला. तो चुकीचा आहे, कारण येथेही कंत्राटदार होताच. फरक बसण्याच्या जागेत होता. कंपनीचा प्रोग्रामर आणि हवाई दलाचा प्रोग्रामर एकाच संगणकासमोर शेजारी शेजारी बसून एकच ओळ लिहीत होते. त्यामुळे कंपनी निघून गेली तरी का, कसे आणि कशासाठी हे सांगणारा माणूस सैन्यात उरत होता. आणि त्या तुकडीचेही सगळे आलबेल झाले असे समजू नये. फळ्याची जागा घेणारे साधन काही महिन्यांत होते. पण २००० च्या सुमारास आलेल्या जुन्या आखणी प्रणालीशिवाय दैनंदिन मोहिमांचा आदेश अल उदैदहून निघण्यास २०२१ साल उजाडले. काठावरची कामे लवकर होतात, गाभ्याला हात घातला की तीच वर्षे लागतात.

प्रश्न : पैसे सैन्याने दिले, म्हणजे सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेली मूळ आज्ञावली) सैन्याचाच. मग एकाच कंपनीच्या दावणीला बांधले जाण्याची तक्रार का होते?

उत्तर : ‘म्हणजे’ हा शब्द येथे घात करतो. अमेरिकी संरक्षण खरेदीच्या नियमांत हक्क पैशाच्या उगमावर ठरतात. विकास पूर्णपणे सरकारी पैशातून झाला तर सरकारला अमर्याद हक्क मिळतात. सरकारी आणि खासगी पैसा मिसळला तर सरकारी कामापुरते हक्क मिळतात, ते साधारणपणे पाच वर्षांनी अमर्याद होतात. कंपनीने स्वतःच्या पैशातून केलेल्या भागावर सरकारचे हक्क अगदी मर्यादित असतात, आणि बाजारात विकले जाणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या नेहमीच्या परवान्यावर येते. आता एका प्रणालीत हे चारही प्रकार शेजारी शेजारी नांदत असतात. दहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीला काम द्यायचे म्हटले की, मधला एक छोटासा भाग पहिल्या कंपनीच्या मालकीचा निघतो आणि त्यावाचून बाकीचे हलत नाही.

त्यातही हक्क असणे वेगळे आणि हातात असणे वेगळे. सोर्स कोड मिळाला, पण तो ज्या साधनांनी बांधला जातो ती साधने, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या आणि चाचण्यांचा संच मिळाला नाही, तर तो कोड वाचायला मिळालेली पोथी ठरतो. ताबा घेताना सैन्याच्या माणसाने, सैन्याच्या संगणकावर, कंपनीच्या मदतीशिवाय संपूर्ण प्रणाली शून्यातून बांधून दाखवावी, अशी एक अट कंत्राटात असली तरी पुढचे निम्मे वाद टळतील.

प्रश्न : जुन्या भाषांतील आज्ञावलीचे नव्या भाषेत रूपांतर कृत्रिम बुद्धिमत्ता आता काही दिवसांत करू शकते, असे ऐकतो. मग ही चर्चाच कालबाह्य झाली नाही का?

उत्तर : भाषांतराचा भाग खरोखरच सोपा होत चालला आहे. अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था दार्पा हिने सी भाषेतील आज्ञावली रस्ट भाषेत आपोआप उतरवण्याचा कार्यक्रम २०२४ मध्ये जाहीर केला, तो याच दिशेने. परंतु वर उल्लेखलेला ९९९ चा संकेत यंत्र निमूटपणे नव्या भाषेत उतरवेल. तो संकेत आहे की संख्या, हे आज्ञावलीत लिहिलेलेच नसेल तर ते त्यालाही कळणार नाही. जुनी प्रणाली वाचून तिचा आराखडा काढणे, विसरलेले कोपरे दाखवणे आणि चाचण्यांचे मसुदे करणे यासाठी ही साधने जरूर वापरावीत. त्यांच्या उत्तरावर सही कोणी करायची, हा प्रश्न मात्र पूर्वीइतकाच जुना आणि पूर्वीइतकाच अनुत्तरित आहे.

प्रश्न : बाहेरच्या माणसांना सैन्याच्या प्रणालीत प्रवेश दिल्यावर गुपिते सुरक्षित कशी राहतात? परदेशी कर्मचारी असतील तर काय?

उत्तर : नियम भरपूर आहेत. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, गोपनीय भाग वेगळ्या जाळ्यावर ठेवला जातो, आणि कंत्राटदारांच्या स्वतःच्या संगणकांच्या सुरक्षेची प्रमाणपत्रे मागण्याची पद्धत अमेरिकेत नोव्हेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने कंत्राटांत आली आहे. पण नियम पाळूनही काय होऊ शकते याचा नमुना जुलै २०२५ मध्ये उघड झाला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या क्लाउड यंत्रणेच्या देखभालीत मायक्रोसॉफ्टचे चीनमधील अभियंते मदत करत होते. त्यांना थेट प्रवेश नव्हता. सुरक्षा तपासणी झालेला अमेरिकी ‘डिजिटल सोबती’ मध्ये बसे आणि ते सांगतील त्या आज्ञा स्वतः टंकित करत असे. कागदावर सर्व ठीक होते. अडचण अशी की, यांतील अनेक सोबत्यांना आपण टंकित करत असलेल्या आज्ञेचा अर्थ समजण्याइतके तांत्रिक ज्ञान नव्हते. बातमी आल्यावर ही पद्धत संरक्षण खात्याच्या कामापुरती थांबवण्यात आली.

तपासणी झालेला पण न समजणारा पहारेकरी आणि समजणारा पण न तपासलेला कारागीर, अशी ही जोडी होती. लष्करी गुपिते शत्रू चोरतो तेव्हा बातमी होते. आपल्याच यंत्रात काय चालले आहे हे आपल्या माणसाला कळेनासे होते, तेव्हा ती बहुधा होत नाही. आम्हाला दुसऱ्या गोष्टीची काळजी अधिक वाटते.

प्रश्न : सामान्य नागरिकाला अशा प्रकल्पाची प्रकृती कळण्याचा काही मार्ग आहे का? की रद्द झाल्याचीच बातमी वाचायची?

उत्तर : काही खुणा बाहेरूनही दिसतात. पहिली वस्तू प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या हाती कधी पडली, हे पाहावे. ‘नव्वद टक्के पूर्ण’ या वाक्याला सॉफ्टवेअरमध्ये फारसा अर्थ नसतो. एक लहानसा भाग तरी एखादी तुकडी रोज वापरते आहे का, याला असतो. अमेरिकी संरक्षण खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये सॉफ्टवेअर खरेदीची जी वेगळी वाट आखली, तिच्यात निधी वापरण्यास सुरुवात झाल्यापासून वर्षाच्या आत वापरण्याजोगे काहीतरी देण्याची अट आहे, आणि मार्च २०२५ पासून ही वाट सॉफ्टवेअर खरेदीसाठी पसंतीचा पर्याय ठरवण्यात आली आहे.

दुसरी खूण म्हणजे जुन्या प्रणालीवर अचानक होऊ लागलेला खर्च. जीपीएस उपग्रहांच्या नियंत्रणासाठी नवी ओसीएक्स प्रणाली उभारण्याचे कंत्राट २०१० मध्ये रेथिऑनला मिळाले. २०१६ मध्ये तिचा वाढलेला खर्च कायद्याने आखलेली मर्यादा ओलांडून गेला, आणि त्याच वर्षी जुन्या नियंत्रण प्रणालीलाच नवे उपग्रह हाताळता यावेत म्हणून लॉकहीड मार्टिनला वेगळे काम देण्यात आले. ते काम २०२० पर्यंत झालेसुद्धा. ओसीएक्सचा ताबा अमेरिकी अंतराळ दलाने घेतला तो जुलै २०२५ मध्ये. नव्याची वाट पाहताना जुन्याची डागडुजी सुरू झाली की, प्रसिद्धिपत्रकात काहीही लिहिलेले असो, खात्याचा स्वतःचा विश्वास उडालेला असतो.

तिसरे साधन म्हणजे स्वतंत्र चाचणीचे अहवाल. कंपनीचे किंवा प्रकल्प अधिकाऱ्यांचे मिंधे नसलेले एक चाचणी कार्यालय अमेरिकी संसदेने १९८३ मध्ये कायद्याने स्थापन केले आणि त्याचा वार्षिक अहवाल थेट संसदेपुढे जातो. वर उल्लेखलेल्या अनेक प्रकल्पांची लक्षणे त्यात वर्षानुवर्षे आधी नोंदवलेली सापडतात. भाषा रूक्ष असते, पण चिकाटीने वाचणाऱ्याला त्यात सगळे मिळते. मे २०२५ मध्ये मात्र खर्च कमी करण्याच्या नावाखाली या कार्यालयाचे मनुष्यबळ जवळपास निम्म्यावर आणण्याचा आदेश निघाला. नव्या प्रकल्पांच्या घोषणा ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी तो आदेशही त्यांच्या शेजारी ठेवून वाचावा.